मोटर कंट्रोलर बोर्ड कुठे बसवायचा, थंड कसा ठेवायचा : नागपूरकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मार्च सरत आला की आमच्या दुरुस्तीच्या टेबलावर जळके कंट्रोलर, म्हणजे मोटरला बेताने वीज देणारे बोर्ड, जमायला लागतात. सगळ्यात जास्त ई-रिक्षांचे, मग पिठाच्या गिरण्यांचे ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेट्या), आणि प्रोजेक्टच्या दिवसांत इंजिनिअरिंगच्या पोरांच्या रोबोटातले. फोनवर तेच ते सांगून घसा सुकतो, म्हणून एकदाचं लिहून काढलं. हिशेब मुख्यतः ४८ व्होल्टच्या ई-रिक्षाच्या बीएलडीसी (बिनब्रशच्या) मोटरच्या कंट्रोलरचा आहे, पण उष्णतेला गाडीचा मेक कळत नाही, त्यामुळे बाकीच्यांनाही लागू पडेल.

कंट्रोलरवर ५० अँपिअर लिहिलंय, माझी गाडी ३० च घेते. तरी मे महिन्यात का उडतो?

भाऊ, डेटाशीटमधले आकडे बहुतेक २५ अंशांना दिलेले असतात. नागपुरात २५ अंश म्हणजे थंडीतली सकाळी दहाची वेळ. मे २०१३ मध्ये इथे ४७.९ अंशांची नोंद झाली होती, आणि ४४-४५ तर दरवर्षीचंच. तेही सावलीत ठेवलेल्या, हवा खेळणाऱ्या पेटीतल्या थर्मामीटरचं. उन्हात तासभर उभ्या असलेल्या रिक्षाची सीट उचलून खाली हात घाला, मग कळेल. म्हणून आम्ही हिशेब सुरूच करतो डब्यातल्या ६० अंशांपासून.

आता बेरीज करून दाखवतो. समजा बोर्डावर सहा मॉस्फेट (करंट चालू-बंद करणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) आहेत, प्रत्येकात ५ वॅट उष्णता होते, म्हणजे एकूण ३० वॅट. हीटसिंक (उष्णता हवेत सोडणारा ॲल्युमिनियमचा ठोकळा) असा की दर वॅटला एक अंश तापतो. आणि मॉस्फेटच्या आतल्या चिपपासून हीटसिंकपर्यंत, मायका (वीज अडवणारी अभ्रकाची पातळ चकती) आणि मधली फट भरणारी पेस्ट धरून, दर वॅटला दीड अंश.

खोली २५ अंशांची असेल तर हीटसिंक ५५ वर जातो आणि चिप ६२-६३ वर. मजेत चालेल. डब्यात ६० असतील तर हीटसिंक ९०, चिप ९७-९८. अजूनही चालेल.

आता करंट दुप्पट करा, म्हणजे चार-पाच सवाऱ्या, मागे सामान आणि चढ. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणून ती दुप्पट नाही, चौपट होते: प्रत्येकी २० वॅट, एकूण १२०. हे बराच वेळ चाललं तर २५ अंशांच्या खोलीत चिप बरोबर १७५ वर टेकते, जी अशा बऱ्याच मॉस्फेटची शेवटची मर्यादा असते. आपल्या ६० अंशांच्या डब्यात तीच चिप २१० वर. म्हणजे कागदावर काठावर पास झालेला बोर्ड सीटखाली जळतो, आणि दोष कंपनीचाही नाही, ड्रायव्हरचाही नाही.

शिवाय मॉस्फेट तापला की त्याचा स्वतःचा रोधही वाढतो. १२५ अंशांना तो २५ अंशांच्या दीडपटीहून जास्त होतो. जास्त रोध, जास्त उष्णता, मग आणखी रोध. वरच्या हिशेबात हे धरलेलंच नाही.

मग उड्डाणपूल चढताना का नाही जळत? बाजाराच्या गर्दीत हळूहळू चालवताना जळला!

हा प्रश्न एका रिक्षावाल्या काकांनी विचारला होता आणि तो फार बरोबर आहे. अर्धा किलो ॲल्युमिनियम एक अंश तापवायला साधारण ४५० ज्यूल लागतात. पुलाचा चढ अर्ध्या मिनिटाचा. तेवढ्यात १२० वॅट आले तरी हीटसिंक जास्तीत जास्त आठ अंशांनीच वर जातो. तो उष्णता पिऊन घेतो आणि पलीकडे उतारावर ओकून टाकतो. इतवारीच्या गर्दीत मात्र वीस मिनिटं थांबा-निघा, थांबा-निघा चालतं. दर वेळी जागेवरून उचलताना मोटरच्या तारांतला करंट बॅटरीच्या करंटपेक्षा दोन-तीन पट असू शकतो, कारण कमी वेगात कंट्रोलर व्होल्टेज उतरवून करंट वाढवतो. बॅटरीच्या तारेवर क्लॅम्प मीटर लावून २० अँपिअर दिसले म्हणून निर्धास्त राहू नका. आणि गाडी हलत नसल्यामुळे हवाही नाही.

मॉस्फेट १७५ अंश सोसतो ना? मग हीटसिंक ९० वर गेला तर काय बिघडलं?

मॉस्फेटचं नाही बिघडत, शेजाऱ्याचं बिघडतं. बोर्डावरचे उभे गोल कपॅसिटर १०५ अंशांचे असतात, आणि त्यांच्या अंगावर लिहिलेलं आयुष्य, समजा २००० तास, हे १०५ अंशांवरचं असतं. ढोबळ नियम असा की दर १० अंश कमी केले की आयुष्य दुप्पट. ७५ वर ठेवला तर तोच कपॅसिटर १६००० तास जातो. हीटसिंकला चिकटून ९५ वर भाजत राहिला तर ४००० तास, म्हणजे रोज दहा तास चालणाऱ्या गाडीत जेमतेम तेरा महिने. त्याचं डोकं फुगतं, आतलं द्रव सुकतं, मग तो व्होल्टेजचे धक्के गिळेनासा होतो आणि ते धक्के मॉस्फेटच्या छातीवर बसतात. लोक मॉस्फेट बदलून घेतात, कपॅसिटर तसाच ठेवतात, आणि महिन्याभरात परत येतात.

रिक्षात नेमका कुठे बसवू?

जिथे गाडी चालताना हवा लागते, चाकाचं पाणी उडत नाही, आणि दुपारचं ऊन थेट पडत नाही. तिन्ही एकत्र मिळणारी जागा रिक्षात फार कमी असते, हे मान्य. सीटखालीच बसवायचा असेल तर निदान लेड-ॲसिड बॅटऱ्यांच्या डोक्यावर नको. चार्जिंगच्या वेळी त्यांतून निघणाऱ्या ॲसिडच्या वाफेने तांब्याचे लग (तारांच्या टोकाच्या कड्या) हिरवे पडतात. मोटर आणि डिफरन्शियलच्या वरही नको.

चासीचा जाड पत्रा किंवा चॅनल मिळत असेल तर कंट्रोलरचं ॲल्युमिनियमचं बूड त्यावर टेकवून कसा. रंग खरवडा, खाली पेस्टचा पातळ थर द्या. अर्धी गाडीच हीटसिंक होते आणि पैसे लागत नाहीत. गंजाच्या किंवा रबराच्या पट्टीवर ठेवलेला कंट्रोलर मात्र हवेत लटकवल्यासारखाच.

बॅटरीपासूनची तार आखूड ठेवा आणि प्लस-मायनस जोडीने एकत्र न्या. लांब आणि फाकलेल्या तारांमुळे कपॅसिटरवर ताण वाढतो, तोही तापतो. थंड जागेच्या हौसेपायी कंट्रोलर पुढे आणि बॅटरी मागे, असं करून बसू नका.

हीटसिंकचे फिन (पातळ पात्या) उभे की आडवे?

उभे. गरम हवा वर जाते; तिला फिनच्या मधल्या गल्लीतून वर जायला वाट हवी. आडव्या गल्ल्यांत ती अडकून बसते. पंखा लावलाय तर पंख्याच्या दिशेने, मग उभं-आडवं गौण. पंखा नसेल तर दोन फिनमध्ये सहा-आठ मिलिमीटर तरी जागा असलेला हीटसिंक घ्या. दाट फिनचा माल फक्त पंख्याखाली शोभतो.

पेस्ट किती लावायची?

श्रीखंडासारखी नाही, एवढं सांगतो. पेस्ट हा उष्णतेचा चांगला वाहक नाही, ती फक्त हवेपेक्षा बरी आहे. हवेची उष्णता वाहण्याची क्षमता ०.०२६, साध्या पांढऱ्या पेस्टची एकच्या आसपास, ॲल्युमिनियमची २०० च्या घरात. दोन धातू एकमेकांवर ठेवले तरी मध्ये बारीक खाचांत हवा राहते. पेस्टचं काम तेवढीच हवा हुसकून लावणं. जुनी कार्डाची पट्टी घ्या, तुरीच्या दाण्याएवढी पेस्ट ठेवा, आणि खालचा धातू धुरकट दिसेल इतकी पसरवा. स्क्रू कसल्यावर कडेने जरा बाहेर आली की झालं. भरपूर बाहेर आली तर जास्त झाली. जुना बोर्ड उघडल्यावर पेस्ट खडूसारखी सुकलेली सापडली तर पूर्ण खरवडून नवी लावा. वरून दुसरा थर फासू नका.

मायका लावलाच पाहिजे का? नुसत्या पेस्टने चालत नाही का?

नाही चालत. मॉस्फेटच्या पाठीचा धातूचा पत्रा आतून ड्रेनला, म्हणजे त्याच्या तीन पायांपैकी एकाला, जोडलेला असतो. दोन वेगळ्या फेजचे (मोटरच्या वेगवेगळ्या तारांचे) मॉस्फेट मायकाशिवाय एका हीटसिंकवर कसले की ते हीटसिंकमधूनच शॉर्ट. हीटसिंकवरच्या काळ्या ॲनोडाइज थराच्या भरवशावर राहणारे भेटतात. तो थर वीज अडवतो खरा, पण स्क्रूच्या कडेने एक ओरखडा पडला की खेळ खलास.

मी स्वतः हे शिकलो तो दिवस आठवतो. मायका अकरा लावले, बारावा राहिला. नाही, तसं नाही: बाराही लावले होते, पण एका स्क्रूचा प्लॅस्टिकचा बुश सटकून खाली पडला होता आणि मला तो टेबलाखाली दुसऱ्या दिवशी झाडताना सापडला. तोपर्यंत बॅटरी जोडताच आलेल्या आवाजाने शेजारचा चहावाला धावत आला होता. तेव्हापासून मायका, बुश, स्क्रू असं कसून झालं की बॅटरी जोडायच्या आधी मीटर बझरवर ठेवून प्रत्येक मॉस्फेटचा पत्रा आणि हीटसिंक तपासतो. एकही पिक आवाज आला तर उघडायचं.

मायकाच्या दोन्ही बाजूंना पेस्ट लागते, एका नाही. रबरासारखा सिलिकॉन पॅड असेल तर पेस्ट अजिबात नको, तो कोराच बसवतात.

आधी सोल्डर करू की आधी स्क्रू कसू?

आधी स्क्रू. मॉस्फेट हीटसिंकवर बसवा, बोर्ड त्याच्या पायांत ओवा, सगळं आपापल्या जागी निवांत बसू द्या, मग सोल्डर. उलट केलं की स्क्रू कसताना पाय ओढले जातात आणि तो ताण कायम सोल्डरवर राहतो. तापणं-गार होणं, तापणं-गार होणं, असं वर्षभर चाललं की पायाभोवती बारीक गोल चीर दिसते. भिंग लावून पाहा, केसाएवढी काळी अंगठी दिसेल. मग गाडी खड्ड्यात आपटली की झटका देते आणि लोक हॉल सेन्सर (मोटर कुठे फिरली ते सांगणारा) बदलत बसतात.

स्क्रू तीन मिलिमीटरचा असतो. पेचकस चिमटीत धरून मनगटाने जेवढा कसला जाईल तेवढा पुरे, अर्धा ते एक न्यूटन-मीटर. ड्रिल मशिनने कसणाऱ्यांना एक सांगणं: जोर जास्त झाला की पत्रा स्क्रूच्या बाजूने दबतो आणि चिपच्या खालून उचलला जातो. म्हणजे जास्त कसून कमी थंड.

बोर्ड धक्क्याने सैल होतो. काय करावं?

चारही कोपऱ्यांत स्पेसर, आणि बोर्ड मोठा असेल तर मध्यात पाचवा. पितळेचा स्पेसर असेल तर त्याखालून ट्रॅक (बोर्डावरची तांब्याची रेघ) जात नाही ना, हे आधी बघा. स्प्रिंग वॉशर लावा. मोठे कपॅसिटर उंच आणि जड असतात, दोन पायांवर डुलत राहतात. त्यांच्या बुडाशी सिलिकॉन लावा, पण व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन नको. त्यातून सुटणारं ॲसिड तांबं खातं. बिनवासाचं, न्यूट्रल क्युअर लिहिलेलं मागा.

जाड तारांचं वजन बोर्डावर येऊ देऊ नका. तार बोर्डापासून चार बोटांवर चासीला क्लॅम्पने बांधा. सैल लग हा वेगळाच हीटर असतो: ५० अँपिअरच्या वाटेत दोन मिलिओहम सैलपणा राहिला तर तिथे ५ वॅट तापतात, म्हणजे आपल्या हिशेबातला एक अख्खा मॉस्फेट.

पंखा लावला तर प्रश्न मिटेल?

अर्धा मिटेल. पंखा हीटसिंकला हवेच्या तापमानाजवळ आणतो, त्याच्या खाली नाही. डब्यातलीच ६० अंशांची हवा डब्यात फिरवली तर पंखा नुसता भिरभिरतो. हवा बाहेरून आत आणि आतून बाहेर जायला दोन वाटा लागतात, एक खाली, एक वर. दिशा पंख्याच्या कडेला बाणाने दाखवलेली असते. १२ व्होल्टचा पंखा चार बॅटऱ्यांपैकी एकीवरून देऊ नका, ती एकच बॅटरी आधी उतरते आणि पूर्ण संच खराब करते. ४८ वरून १२ करणारा छोटा कन्व्हर्टर लावा.

शिवाय एप्रिल-मेची धूळ. पंखा आहे तिथे दर पंधरा दिवसांनी ब्रश मारायची तयारी ठेवा, नाहीतर फिनमध्ये धुळीची गोधडी बसते आणि मग पंखा नसलेला बरा. माझं मत विचाराल तर रिक्षासाठी मोठा हीटसिंक आणि पंखा नाही. वर्कशॉपमधल्या मशिनसाठी पंखा.

वर्कशॉपमधल्या कुलरची हवा बोर्डावर सोडली तर?

नागपुरी डोकं! कल्पना वाईट नाही. मे महिन्यातली कोरडी हवा कुलरमधून निघाली की पंधरा अंशांनीही उतरते. पण ती हवा ओली असते, आणि जाळीतून थेंब उडाले की आपल्या खाऱ्या पाण्याचा पांढरा थर पायांमध्ये बसतो. उघड्या बोर्डावर कधीच नाही. बोर्ड बंद पेटीत आणि फिन पेटीच्या बाहेर, अशी रचना असेल तर फिनवर खुशाल सोडा, थेंब येणार नाहीत इतक्या अंतरावरून.

डबा पूर्ण बंद ठेवू की जाळीचा?

उन्हाळा म्हणतो जाळी, जुलै म्हणतो बंद. यातून मार्ग एकच: बोर्ड बंद, हीटसिंक उघडा. डब्याच्या एका भिंतीला खिडकी कापा, हीटसिंक बाहेरून त्या खिडकीवर बसवा, मध्ये रबरी गॅस्केट. तारा ग्लँडमधून (तारेभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून), आणि ग्लँड खालच्या बाजूला, म्हणजे तारेवरून ओघळणारं पाणी आत न जाता टपकून जाईल. डब्याचा रंग पांढरा किंवा फिका. काळा डबा उन्हात किती तापतो हे काळ्या छत्रीखाली उभं राहणाऱ्याला सांगायला नको.

बोर्डावर कन्फॉर्मल कोटिंगचा (ओल अडवणाऱ्या पातळ थराचा) फवारा माराच. नेलपॉलिश फासलेले बोर्डही येतात आमच्याकडे. पॉलिश तडकतं, मग ओल तिच्याखाली अडकून बसते.

थर्मल स्विच ४५ अंशांचा मिळाला, चालेल?

पंख्यासाठी ४५ चा लावलात तर मे महिन्यात तो दिवसभर चालूच राहील, कारण बाहेरच ४५ आहे. ५५ किंवा ६० चा मागा. करंट कमी करण्यासाठीचा सेन्सर हीटसिंकवर, मधल्या मॉस्फेटच्या अगदी शेजारी हवा. लांब कोपऱ्यात लावलेल्या सेन्सरला बातमी उशिरा पोचते. कंट्रोलरमध्ये सेटिंग असेल तर हीटसिंक ८० ला गेल्यावर करंट हळूहळू उतरवायला लावा, ९५ ला पूर्ण बंद.

तापमान लांबून मोजणाऱ्या इन्फ्रारेड बंदुकीने मोजलं तर ४० दाखवतं, हात लावला तर चटका बसतो. कोण खोटं?

बंदूक. चकचकीत ॲल्युमिनियम स्वतःची उष्णता फारशी किरणांनी सोडत नाही, उलट समोरच्या वस्तूंची परावर्तित करतं. बंदुकीला दिसतं ते तुमच्या भिंतीचं तापमान. हीटसिंकवर काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवा, दोन मिनिटं थांबा आणि त्या टेपवर नेम धरा. ३० मे २०२४ ला नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि देशभर बोंब झाली. नंतर हवामान खात्याने सेन्सर बिघडल्याचं सांगितलं. सरकारी सेन्सर फसतो, तर हजार रुपयांची बंदूक काय.

पिठाच्या गिरणीच्या ड्राइव्हला हेच नियम?

बहुतेक ड्राइव्हची पूर्ण क्षमता ४० अंशांपर्यंतच असते, त्यावर उत्पादकाच्या तक्त्याप्रमाणे करंट कमी धरावा लागतो. म्हणून नागपुरात मोटरपेक्षा एक माप मोठा ड्राइव्ह घ्या. उभाच बसवा, वर-खाली दहा-दहा सेंटिमीटर मोकळं सोडा. उंचीची चिंता नको. हवा विरळ झाल्याचा विचार सहसा १००० मीटरच्या वर करतात आणि आपण तीनशेच्या आसपास आहोत. खरा शत्रू पीठ. ते पंख्यात शिरून ओलाव्याने लापशी होतं. ड्राइव्ह गिरणीच्या खोलीत ठेवूच नका, भिंतीच्या पलीकडे लावा.

कॉलेजच्या रोबोटात एल २९८ ही मोटर-ड्रायव्हर चिप लावलीय. हीटसिंक आहे तरी बोट भाजतं.

तो ड्रायव्हरच जुन्या वळणाचा आहे. २ अँपिअरला आत तीन-चार व्होल्ट गिळतो, म्हणजे सहा ते आठ वॅट त्या छोट्या काळ्या फिनवर. मोठा हीटसिंक शोधत बर्डीचा बाजार पालथा घालण्यापेक्षा मॉस्फेटवाला ड्रायव्हर घ्या.

गाडी धुताना कंट्रोलरवर पाणी गेलं तर?

मेन स्विच बंद करून, डबा उघडून, सावलीत पूर्ण वाळवा. हीटगनने नाही.

नवतपात (मे अखेरच्या सर्वांत तापत्या नऊ दिवसांत) भर दुपारी गाडी थांबली, कंट्रोलरला हात लावता येत नाही. आत्ता काय करू?

पाणी ओतू नका. गरम बोर्डावर पाणी म्हणजे चिरा, आणि शॉर्टची भीती वेगळी. मेन स्विच बंद, गाडी ढकलून झाडाखाली, सीट उचलून उघडी ठेवा. हीटसिंक निम्मा निवायलाच पाच-सात मिनिटं लागतात, म्हणून निदान वीस मिनिटं थांबा; दोन कप चहा होतो तेवढ्यात. मग सवारी न घेता सावकाश चालवून पाहा. चालली तर संरक्षणाने बंद केली होती, कंट्रोलर शाबूत आहे. नाही चालली तर पुन्हा पुन्हा किल्ली फिरवू नका. बॅटरीची तार काढा आणि कंट्रोलरच्या मोटरकडच्या तीन जाड तारा सुट्या करून चाक हाताने फिरवून बघा. तारा सुट्या केल्यावर चाक मोकळं आणि जोडल्यावर अडखळत, जड फिरत असेल तर मॉस्फेट शॉर्ट आहे. तसंच घेऊन या, आणि येताना जुना मायका फेकू नका, त्यावरचा डाग बघून कुठून सुरुवात झाली ते सांगता येतं.